रोज एक मिलिमीटर

वसुबारसेला घंगाळाची कड निसटली
आणि मनगटाच्या वर चार बोटांवर
हात उघडला.
टाके पडले, रक्त थांबलं. करंगळीही थांबली.
अनामिका थांबली, पण अर्धीच:
मधल्या बोटाकडची बाजू माझी,
करंगळीकडची कोणाचीच नाही.
नाव नसलेल्या बोटाचीसुद्धा वाटणी होते
हे मला पन्नाशीत कळलं.

त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलमध्ये
डॉक्टर अहिरेबाईंनी माझीच स्टीलची पट्टी मागून घेतली.
जखमेपासून करंगळीच्या टोकापर्यंत
पंचवीस सेंटिमीटर.
"रोज एक मिलिमीटर, भाऊ. तेही तिच्या मनात असेल तर.
पहिला महिना हिशोबात धरू नका."
तांबट आळीत हिशोब किलोवर चालतो.
मिलिमीटर आम्ही पत्र्याच्या जाडीला वापरतो,
वाट बघायला नाही.

मी म्हटलं, तारच ना ती? तांब्याची असती
तर संध्याकाळपर्यंत झाळून दिली असती.
त्या म्हणाल्या, तारेला घर नसतं.
हिचं आहे, मानेच्या मुळाशी, मणक्यापाशी,
डोळ्याला दिसणार नाही एवढं,
आणि तिथून करंगळीपर्यंत
अख्ख्या हाताएवढी लांब, एकच पेशी.
कापली की खालचा धागा मरतो.
नळी राहते.
नळीत काही मुकी माणसं असल्यासारखी असतात,
ती आधी मलबा उपसतात, मग वाट राखत बसतात.
वरून कोंब येतो.
चाचपडत.

पुतणी शलाका बारावीला. तिच्या पुस्तकात
उपटून आडव्या ठेवलेल्या झाडासारखं चित्र:
वृक्षिका, अक्षतंतू, वरून तुटक तुटक आवरण.
निरोप त्या फटीफटींवरून उड्या मारत जातो म्हणे.
"काका, तारेसारखी वीज नाही वाहत. दारं उघडतात.
सोडियम आत, पोटॅशियम बाहेर,
की पुढचं दार. की त्याच्या पुढचं."
म्हणजे आपली आळी, मी म्हटलं.
एका दुकानात पहिला ठोका पडला
की शेजारचा हातोडी उचलतो.
ती म्हणाली, तसं नाही.
मग चहा पिता पिता, थोडं तसं.

पौषात, नाशिकची थंडी हाडात शिरलेली,
मी कल्हईच्या भट्टीला टेकून उभा होतो.
वास आधी आला.
आजूबाजूला बघितलं,
कुणाचं काय जळतंय म्हणून.

दर पंधरा दिवसांनी बाई हातावर ठोकतात,
जखमेपासून खाली, एका बोटाने,
टक्, टक्, टक्.
जिथे झिणझिण्या उठतात तिथवर कोंब पोचला.
पेनाने खूण. तारीख.
हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.
पस्तीस वर्षं दुसरं काय केलं?
ठोकायचं, ऐकायचं,
कुठे धातू बसलाय, कुठे अजून पोचा आहे.
या वेळी हंडा मी.

माघात खूण मनगटावर.
वैशाखात तळव्याची कड.
मोगरी धरता येते, पक्कड अजून नाही.
शर्टाचं बटण म्हणजे अर्धा तास
आणि एक शिवी.

श्रावणात सकाळी तांब्याच्या काठाला बोट लागलं
आणि गार वाटलं.
गार!
भांडीबाजारापर्यंत ओरडावंसं वाटलं.
पण बोट करंगळीचं होतं
आणि गार वाटलं अनामिकेला.

बाई हसल्या. होतं असं.
काही धागे भलत्याच नळीत शिरतात,
टपाल शेजारच्या घरी पडतं.
आता मेंदूला पत्ते पुन्हा शिकवा.
डोळे मिटा, स्पर्श, सांगा, उघडा, बघा.

रोज रात्री शटर ओढल्यावर
मी डोळे मिटून बसतो.
शलाका पेन्सिलीचं बोथट टोक टेकवते.
कुठे?
अनामिका.
नाही काका. आता?
अनामिका.
नाही. आता?
मी थांबतो. वरून काहीतरी खाली उतरतंय,
की खालून वर चढतंय,
दार, पुढचं दार, त्याच्या पुढचं...
करंगळी, मी म्हणतो. टोकाला. अगदी स्पष्ट.

ती जरा वेळ गप्प.
"काका, मी अजून लावलीच नाही."